बॅटरी उतरली म्हणजे बॅटरी गेली नव्हे

सकाळी सेल्फचे बटण दाबले, आतून नुसती टिकटिक आली, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजला, की गाडीवाल्याच्या तोंडून पहिले वाक्य निघते : "बॅटरी गेली." शेजारी हेच म्हणतो, गॅरेजवाला हेच म्हणतो, आणि तासाभरात जुनी बॅटरी बदल्यात देऊन नवी बसवलेली असते. गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. निदान बरोबर होते याला आणखी पुरावा कशाला हवा?

मला हवा आहे. मोटरसायकलच्या चार्जिंगबद्दल आपल्याकडे रूढ झालेले हे मत चुकीच्या अनुमानावर उभे आहे. त्यापायी रोज गाडीवर पोट असलेल्या माणसांचा पैसा जातो, रस्त्यात अडकून दिवस जातो, आणि पुष्कळदा बऱ्या बॅटऱ्या भंगारात जातात. म्हणून हे मत मुळापासून तपासायचे ठरवले आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. बॅटरी ही खरोखरच झिजणारी वस्तू. शिशाच्या आणि लेड डायऑक्साइडच्या पट्ट्या पातळ गंधकाम्लात बुडवून ठेवायच्या, ही रचना गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली केली, आणि आपल्या सीटखाली मूलतः तीच आहे. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट धरते, वीज घेताना त्यातले सल्फेट पुन्हा आम्लात जाते. पण सगळेच्या सगळे परत जात नाही. वर्षे सरतात तशी बॅटरीची धारणशक्ती कमी होत जाते, आणि तीन-चार वर्षे निभावलेल्या बॅटरीने मान टाकली तर त्यात नवल नाही. गॅरेजवाल्याने अशा कितीतरी बॅटऱ्या बदललेल्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या तक्रार घेऊन परत आलेल्या नसतात. त्याचे मत अनुभवातून आलेले आहे. अडचण आहे ती त्या अनुभवातून काढलेल्या नियमात.

"बॅटरीत वीज नाही, म्हणून बॅटरी खराब" हे ते अनुमान. नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात, म्हणजे साध्य जिथे नाही तिथेही तो हेतू आढळतो. बॅटरी ठणठणीत असूनही उतरू शकते. सकाळी रांजण रिकामा दिसला म्हणून कोणी लगेच रांजण फुटका ठरवत नाही. काल नळाला पाणी आले होते का, आले तर पाइप कुठे चोंदला होता का, रात्री कोणी तोटी उघडी ठेवली का, हे आधी विचारले जाते. रांजण फुटका असणे ही चार शक्यतांपैकी एक. गाडीच्या बाबतीत मात्र आपण उरलेल्या तीन शक्यता न विचारता रांजणच बदलतो.

"नवी टाकली आणि गाडी सुरू झाली" हा दुसरा पुरावा. इथेही न्यायशास्त्रातलेच एक उदाहरण चपखल बसते. कुंभार चाक फिरवतो ती काठी घटाचे कारण आहे, काठीचा रंग कारण नाही. रंग तिथे हजर असतो खरा, पण तो अन्यथासिद्ध. गाडी सुरू झाली ती नव्या बॅटरीत आधीच भरलेल्या विजेमुळे. तिचे नवेपण हा काठीचा रंग. जुनीच बॅटरी रात्रभर बाहेरच्या चार्जरवर ठेवली असती तर कदाचित गाडी तशीच सुरू झाली असती. हा व्यतिरेक, म्हणजे कारण मानलेली गोष्ट वगळून पाहण्याची परीक्षा, कोणी करून पाहत नाही, आणि पाहिल्याशिवाय कारण सिद्ध होत नाही.

आता नळाकडे, म्हणजे जिथून वीज येते तिकडे जाऊ. बऱ्याच गाड्यांत इंजिनाच्या डाव्या झाकणाखाली चुंबके बसवलेले एक चाक क्रँकबरोबर फिरते. गॅरेजात त्याला मॅग्नेट म्हणतात. त्याच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी असलेली कॉइल प्लेट, म्हणजे स्टेटर, जागेवर स्थिर असते. चुंबक तारेजवळून फिरले की तारेत वीज उपजते, हा १८३१ मधला फॅरेडेचा शोध. ही वीज उलटसुलट वाहणारी, एसी. बॅटरीला ती चालत नाही. म्हणून ती जाते आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिटमध्ये, म्हणजे गाडीच्या अंगाला कुठेतरी लावलेल्या पन्हाळीदार अॅल्युमिनियमच्या डबीत. ही डबी दोन कामे करते. एसीची डीसी करते, आणि इंजिन कितीही पळाले तरी व्होल्टेज साधारण साडेचौदाच्या वर जाऊ देत नाही. तिथून कपलर, वायर, फ्यूज, आणि शेवटी बॅटरी.

या एवढ्या लांब वाटेवर बॅटरी सर्वांत शेवटची आहे. वाटेत कुठेही खोट असली तरी ती दिसते मात्र बॅटरीत. जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या टोपणावर एक छोटा अॅमीटर असायचा. काटा एका बाजूला झुकला तर बॅटरीत वीज जाते आहे, दुसऱ्या बाजूला झुकला तर बॅटरीतून निघते आहे, हे चालवणाऱ्याला चालता चालता दिसत असे. अनेक छोट्या गाड्यांत हेडलाइट थेट कॉइलच्या एसीवर पेटायचा, आणि रेस दिली की उजेड वाढायचा. उजेड वाढला म्हणजे कॉइल शाबूत, हे शाळकरी पोरालाही कळत असे. काटा गेला, हेडलाइट डीसीवर आला, उजेड एकसारखा झाला. सोय झाली, पण चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असलेली चार्जिंगची खूण नाहीशी झाली. उरली फक्त बॅटरी, जी हाताने काढता-घालता येते आणि दुकानात मिळते. "बॅटरी गेली" या मताचा इतका प्रसार होण्याचे खरे कारण मला यात दिसते.

माझा स्वतःचा प्रसंग कुंभार्ली घाटातला. पावसाळ्याचे दिवस, चिपळूणहून कराडला निघालो होतो. घाट चढतानाच हेडलाइट पिवळा पडत गेला. कोयनानगर मागे पडले तेव्हा इंडिकेटर लुकलुकायचा सोडून नुसता मंद पेटून राहू लागला, आणि पाटणच्या थोडे अलीकडे गाडी बंद पडली. बॅटरी बसवून जेमतेम तीन महिने झाले होते. ढकलत एका पत्र्याच्या टपरीपाशी आलो. आत साठीकडे झुकलेले एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसले होते. मी म्हटले, "मिस्त्री, बॅटरी खराब निघाली बहुतेक. नवीच आहे."

त्यांनी बॅटरीला हात लावला नाही. विचारले, "ह्याच्या आधीची कधी टाकली होती?"

"दीड वर्षापूर्वी."

"मग साहेब, बॅटरी खराब निघत न्हाई. तुमची गाडी बॅटऱ्या खातीय."

त्यांनी टपरीतली स्वतःची चार्ज केलेली बॅटरी आणून जोडली आणि दोन टोकांना मीटर लावला : १२.७. गाडी चालू केली, हेडलाइट लावला. १२.३. रेस दिली, इंजिन चांगले गरगरले, पण आकडा १२.३ वरून हलेना. "बघा," ते म्हणाले, "ही माझी चांगली बॅटरी. हिलापण काय मिळत न्हाई." मी जन्मभर वाचलेल्या तर्कशास्त्रातला अन्वय-व्यतिरेक त्या माणसाने अर्ध्या मिनिटात करून दाखवला होता.

मग त्यांनी बाजूचे पॅनेल उघडले आणि आरआरकडे जाणाऱ्या तीन पिवळ्या वायरी बोटाने चाचपत कपलरपर्यंत गेले. कपलर मुळात पांढऱ्या नायलॉनचा. त्याचा एक कोपरा करपलेल्या गुळाच्या रंगाचा झाला होता. ओढून काढला तर एक पीन प्लास्टिकात वितळून रुतलेली, दुसरीवर काळा थर, तिसरी तेवढी पितळेसारखी स्वच्छ. जळक्या पिनेजवळची वायर बोटांनी वाकवली, तर वरचे आवरण अंड्याच्या टरफलासारखे तडकले. वास अजून नाकात आहे.

ही पीन का जळते, हे एका गुणाकारात कळते. पावसाने, धुळीने, हादऱ्याने सांधा सैल झाला आणि तिथे फक्त ०.१ ओहमचा अडथळा आला असे धरू. त्यातून १० अँपिअर वाहिले, तर त्या एका सांध्यात १ व्होल्ट खर्ची पडतो आणि १० वॉट उष्णता तयार होते. काडेपेटीच्या काडीपेक्षा लहान पिनेत १० वॉट. प्लास्टिक मऊ होते, पीन आणखी सैल होते, अडथळा वाढतो, उष्णता वाढते. असाच सांधा आरआर आणि बॅटरी यांच्यामध्ये खराब झाला, तर प्रकार आणखी फसवा होतो. अनेक आरआर स्वतःच्याच टोकाशी व्होल्टेज मोजतात. तिथे १४.४ दिसते, आरआर समाधानी राहतो, आणि बॅटरीपर्यंत पोचतात १३.४. कॉइल चांगली, आरआर चांगला, बॅटरी चांगली, आणि तरीही बॅटरी कायम अर्धपोटी. भाग बदलून हा दोष कधीच सापडत नाही. गाडी चालू ठेवून मीटरची एक काडी आरआरच्या धन टोकावर आणि दुसरी बॅटरीच्या धन टोकावर ठेवली की सापडतो. फरक ०.२-०.३ व्होल्टच्या वर गेला की वाटेत काहीतरी खाते आहे. ऋण बाजूला, बॉडी अर्थलाही, हीच तपासणी.

मिस्त्रींनी कपलर सोडून तीन पिवळ्या वायरींच्या जोड्या एसीवर मोजल्या. रेस दिल्यावर तिन्ही जोड्यांत आकडा सारखाच वाढला. हा आकडा गाडीगाडीत वेगळा असतो, पण तिन्ही सारखे असणे महत्त्वाचे. एखादी जोडी मागे पडली तर कॉइल जळाली आहे. मग इंजिन बंद करून पिवळी वायर आणि इंजिनाचे अंग यांच्यात मीटरची शिट्टी वाजते का पाहिले. वाजली नाही, म्हणजे कॉइल अंगाला लागलेली नाही. (ही तपासणी इंजिन गरम असतानाच करावी. तारेवरचे आवरण थंडपणी धरून ठेवते आणि तापल्यावर सोडते, असे होते. आणि फक्त ओहम मोजून कॉइलला पास करू नये. चांगल्या कॉइलचा अडथळा मुळातच एखाद्या ओहमच्या आत असतो आणि साध्या मीटरच्या काड्याच त्यात दोन-तीन दशांश घालतात.) मग जळका कपलर कापून टाकला, वायरी सोल्डर केल्या, वर स्लीव्ह चढवली. माझी उतरलेली बॅटरी त्यांच्या चार्जरवर दोन तास ठेवली, पुन्हा बसवली. रेसला १४.१.

आता दुसऱ्या एका समजुतीकडे वळतो, कारण ती नुसती चुकीची नाही, धोक्याची आहे. "गाडी चालू ठेव, बॅटरीची वायर काढ. गाडी बंद पडली नाही तर चार्जिंग ठीक." ही परीक्षा आजही सर्रास होते. कार्ब्युरेटरच्या अनेक गाड्यांत ठिणगीसाठी कॉइल प्लेटवर वेगळे वेटोळे असते. सीडीआयला, म्हणजे ठिणगीच्या युनिटला, वीज थेट तिथून मिळते. अशी गाडी चार्जिंग पूर्ण मेलेले असले तरी चालत राहणारच, म्हणजे परीक्षेचा निकाल काहीच सांगत नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. पंप, इंजेक्टर, इंजिन सांभाळणारा संगणक म्हणजे ईसीयू, सगळे डीसीवर. या गाड्यांत बॅटरी नुसती साठवण नाही, व्होल्टेजची उसळी पोटात घेणारी गादी आहे. चालत्या गाडीत ती काढली तर उसळी थेट ईसीयूवर जाते. पहिल्या जातीच्या गाडीत ही परीक्षा निरर्थक, दुसरीत घातक. ही रीत ज्या काळातली, त्या काळी गाडीत इलेक्ट्रॉनिक्स नव्हते आणि उसळीने फार तर बल्ब जात. ज्यांनी ती तेव्हा वापरली त्यांना दोष देत नाही. ती आज शिकवू नये एवढेच.

तिसरी समजूत एलईडीची. हेडलाइट एलईडी केला, भार कमी झाला, आता कॉइलला आराम, असे म्हणतात. बॅटरीच्या हिशेबात हे खरे आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर कायम पेटलेला असतो. ३५ वॉटचा बल्ब सुमारे ३ अँपिअर खातो. सिग्नलला आयडलिंगवर उभ्या गाडीत, ब्रेक दाबलेला असताना, बॅटरीच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. तिथे एलईडीने फरक पडतो. पण कॉइलला आराम मिळतो हे बहुसंख्य गाड्यांपुरते खोटे. त्यांतला आरआर शंट जातीचा असतो. कॉइल आपली वीज काढतच राहते आणि नको असलेली वीज आरआर कॉइलकडेच वळवून जिरवतो. भार कमी झाला की जिरवायची वीज वाढते. पिवळ्या वायरींतून जाणारा प्रवाह जवळपास तेवढाच राहतो. म्हणून तो कपलर एलईडी लावलेल्या गाडीतही जळतो. कॉइलला खराच आराम हवा असेल तर सीरीज जातीचा रेग्युलेटर लागतो, जो नको तेव्हा वाटच तोडतो.

आता पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा. गॅरेजवाला म्हणेल, "मी अंदाजाने बदलली नाही. लोड टेस्टरवर लावली, खराबच निघाली." मान्य. पण बॅटरी खराब आहे हे सिद्ध झाल्याने ती का खराब झाली हे सिद्ध होत नाही. अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीत सल्फेटचे बारीक कण मोठ्या, कठीण स्फटिकांत बदलतात आणि मग चार्ज करूनही परत जात नाहीत. उलट आरआर बिघडून व्होल्टेज १५ च्या वर गेले, की बॅटरी उकळते, पाणी उडते, पट्ट्या उघड्या पडतात. दोन्हीकडे बॅटरी खरोखर मरते, आणि दोन्हीकडे मारणारा दुसराच असतो. कार्याला कारण समजण्याची ही चूक आहे. अशा गाडीत नवी बॅटरी घालणे म्हणजे आधीचीला जे झाले त्याच वाटेवर दुसरीला सोडणे.

माझ्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायचे आहे. बॅटरीवरचा आंधळा विश्वास सोडून काही जण तितक्याच आंधळेपणाने आरआर बदलतात. बॅटरीचा एक सेल शॉर्ट झाला तर बाकी सगळे निरोगी असूनही चार्जिंग कमी दिसते. सहापैकी पाच सेल म्हणजे सुमारे १०.५ व्होल्ट, आणि तो एक मेलेला सेल सगळ्यांना खाली ओढतो. म्हणूनच मिस्त्रींनी आधी स्वतःची चांगली बॅटरी जोडली. माहीत असलेल्या चांगल्या बॅटरीशिवाय पुढचे सगळे आकडे संशयास्पद. विश्रांतीतल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ ते १२.८, आणि चार-पाच हजार आरपीएमला साडेतेरा ते साडेचौदा. हे दोन आकडे बरोबर आले आणि तरी दोन-चार दिवस उभी राहून गाडी मरत असेल, तर उघडी राहिलेली तोटी शोधायची. जीपीएस, अलार्म, मोबाइल चार्जर यांनी मिळून किल्ली बंद असताना ५० मिलिअँपिअर जरी ओढले, तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. ५ अँपिअर-अवरची बॅटरी पाचवा दिवस पाहत नाही.

राहिला पैशाचा आणि वेळेचा प्रश्न, आणि हा मी हलका मानत नाही. मेकॅनिक म्हणतात, गिऱ्हाईक पार्टचे पैसे देते, तपासणीचे देत नाही. वीस मिनिटे मीटर लावून बसलो आणि शेवटी एक सांधा जोडला तर "एवढ्याचे दोनशे?" ऐकावे लागते. हे खरे आहे आणि हा दोष आपला, गाडीवाल्यांचा आहे. ताप आल्यावर डॉक्टरने तपासून औषध दिले नाही, "विश्रांती घ्या" म्हटले, तरी आपण त्याची फी देतो, कारण आपण ज्ञानाचे पैसे देतो. टपरीतल्या माणसाचे ज्ञानही ज्ञानच आहे. तपासणीची मजुरी वेगळी सांगावी आणि आपण ती न घासाघीस करता द्यावी, अशी माझी मेकॅनिकांना आणि गाडीवाल्यांना कळकळीची विनंती आहे. दूध घालणारा, पार्सल पोचवणारा, फिरतीवरचा विक्रेता यांच्यासाठी एका बॅटरीची किंमत दोन-तीन दिवसांची कमाई असते.

मिस्त्रींनी त्या दिवशी माझ्याकडून दीडशे रुपये घेतले. मी जास्त देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. जळका कपलर मी मागून घेतला, तो टेबलावर आहे. तीच बॅटरी त्यानंतर साडेतीन वर्षे चालली. त्या प्रसंगाच्या दीड वर्ष आधी बसवलेली, आणि तीन महिने आधी मी "गेली" म्हणून बदलून दिलेली जी बॅटरी, ती मात्र मी कधी चार्जरवर लावून पाहिली नव्हती.